हवा मारायचा वार

६ एप्रिल, रविवार

सकाळी साडेसातला गाडीचा हवेचा फिल्टर काढला. डब्याला चार क्लिपा. एक ह्यांनी तारेने बांधलेली, ती आता माझ्याशिवाय कोणाला नीट लावता येत नाही. पिशवीत घालून लूमच्या खात्यात नेला, जिथे हे पंधरा वर्षं कामाला होते. रविवारी सकाळी मशीनं बंद असतात. साफसफाईचा कंप्रेसर तेवढा चालू. आधी बाहेरून हवा मारली, मग आतून. पहिल्या फटक्यात रुई उडते, मग काळी बारीक धूळ, मग काही नाही. काही उडत नाही तोवर मारत राहायचं, असं हे म्हणायचे. श्रावणात गेले, तेव्हापासून एक रविवार चुकला नाही.

परत आले तर संजू पिकअपला टेकून उभा. तोंडात मावा.

"वहिनी, तू दर रविवारी ते डबडं कुठं फिरवायला नेतीस? फेकून दे. कोनवाला फिल्टर लावू आपण. लाल येतो, चमकणारा."

"गाडी कोणाच्या नावावर आहे?"

"तुझ्या."

"मग झालं."

दीर आहे. गाडी तो चालवतो, मला येत नाही. त्यामुळे मी त्याच्या मुठीत आहे असं त्याला वाटतं.

पण गाडीचं काहीतरी बिघडलं आहे, हे खरं. काल भरलेली गाडी उधन्याच्या पुलावर दुसऱ्या गिअरवर आली. मागे काळा धूर. आणि शिट्टी. कुकरची नव्हे, बारीक, दातातून काढल्यासारखी.

८ एप्रिल, मंगळवार

संजू आणि मंगला (जाऊ, त्याची बायको) दोघं आले. दोघं मिळून येतात तेव्हा काहीतरी ठरवून आलेले असतात. चहा केला. साखर कमी घातली.

सं. म्हणाला, टर्बो गेलाय. इंजिन पण जाईल. त्याआधी विकून टाकू, किंवा माझ्या नावावर कर, मी बघतो काय करायचं ते. तू गावाला जा. मागची खोली रिकामीच आहे.

मागच्या खोलीत कडबा ठेवतात. मला माहीत आहे.

मंगला म्हणते, "बाई, गाडी काय देव शे का? इकी टाका."

मी म्हटलं, देव असता तर विकला असता. 

गाडी चालते, तिच्यावर पोट भरतं, तोवर नवागामातली ही खोली माझी. दार आतून माझं मी लावते. सकाळी कोणाच्या आधी उठायचं नाही, कोणाच्या नंतर जेवायचं नाही. गाडी बसली की मी कडब्यात. एवढं सोपं आहे ते. ती दोघं साडी-चोळी देऊन, रडून पाठवतील. बसस्टँडवर सोडायला येतील.

गाडीचं पुस्तक वाचते आहे. हिंदीत आहे. रोज दोन पानं. शाळा चौथीपर्यंत, पुढचं वाचन किराण्याच्या पुड्यांवर आणि हे रद्दीवाल्याकडून आणायचे त्या दिवाळी अंकांवर झालं. पुस्तक मधूनच उघडायचं नाही, पहिल्या पानापासून वाचायचं, असा माझा नियम. सध्या वायपर चालू आहे.

१० एप्रिल, गुरुवार

उधन्याला भरतभाईच्या गॅरेजात, संजूबरोबर. त्याने फिल्टरच्या डब्यापासून टर्बोला जाणारा पाइप सोडवला, आत बोट फिरवलं आणि बोट माझ्या नाकासमोर धरलं. तपकिरी.

"भाभी, आ धूळ फिल्टर पछीनी छे."

म्हणजे फिल्टरच्या अलीकडची नव्हे, पलीकडची. जिथे धुळीचा कण असायला नको तिथे ती बोटाला लागण्याइतकी बसलेली. मग टर्बोचा, इंजिनात हवा कोंबणारा, छोटा पंखा दाखवला. पात्यांच्या कडा उंदराने कुरतडलेल्या भाकरीसारख्या. म्हणे मिनिटाला लाखभर फेरे घेतो हा. त्यावर धूळ आपटली तर वाळूच्या गोळ्या मारल्यासारखं होतं.

"फिल्टर कोण बघतं?"

"मी. दर रविवारी साफ करते. चालवतो हा."

आणि मी संजूकडे बघितलं. दिवाळीनंतर एकदा मला डब्याच्या दोन क्लिपा उघड्या सापडल्या होत्या. तेव्हा बोलले नव्हते. साठवून ठेवलं होतं. आज काढलं.

"झाकण उघडं ठेवून कोणी चालवली गाडी?"

सं.ची मान खाली गेली. म्हणजे खरंच. मग म्हणाला, एकदाच. टर्बोचा आवाज मोबाइलमध्ये घ्यायचा होता. झाकण काढलं की फुस्स असा आवाज येतो. "दहा मिनिटं, वहिनी. दहा मिनिटं फक्त. डिंडोलीच्या रस्त्यावर."

"दहा मिनिटं कोणी मोजली? भावाची गाडी खाल्लीस तू."

गॅरेजात चार माणसं होती. पाना फिरवायचा थांबला. सं. बाहेर जाऊन मावा थुंकून आला. चेहरा पिठासारखा.

"एवढं बोललीस ना, सगळ्यांसमोर. मग आखाजीला दादाची घागर दुसऱ्या कोणाकडून भरून घे."

११ एप्रिल, शुक्रवार

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू. रात्री शांत झोप लागली.

घागरीचं मात्र डोक्यात आहे. ह्यांची ही पहिली आखाजी. अक्षय्य तृतीयेला गेलेल्याच्या नावाने घरातल्या पुरुषाने घागर भरायची असते. मला मुलगा नाही. मुलगी चोपड्याला दिलेली, जावई येणार नाही, त्याच्या घरी त्याच्याच बापाची घागर. संजू नाही भरणार तर कोण? शेजारचे पाटील? ह्यांना पाटील एक दिवस आवडले नाहीत.

मी भरीन. बघू कोण हात धरतो.

१३ एप्रिल, रविवार

गाडी गॅरेजात उघडी पडलेली, पोट फाडल्यासारखी. पण फिल्टर मी घरी आणला होता, म्हणून खात्यात नेऊन हवा मारली. जास्तच मारली. बॉबिनवाली शांताबाई म्हणाली, "गाडी बंद आहे तरी?" वार आहे, म्हटलं. लोक गुरुवार करतात, सोमवार करतात. मी हा करते.

खात्यात हे लूमला हवा मारायचे तसेच उभे राहायचे फिल्टरला मारताना. डावा पाय पुढे. तोंडाला रुमाल. पंधरा वर्षं रुई खाल्ली तो रुमाल बांधून. गाडीला कंपनीने फिल्टर दिला, माणसाला मालकाने रुमालही दिला नाही. शेवटी छातीत काय निघालं ते डॉक्टरने फोटोत दाखवलं. पांढरं, कापसासारखं. ते बघून हे काय म्हणाले असतील? "ह्याला एकदा हवा मारायला पाहिजे होती." डॉक्टर हसला. मी नाही हसले. मी अजूनही हसलेली नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

भरतभाईचा फोन. नवा पंखा बसवतो, पण हवेचा रस्ता आधी ठरवा. "एज रस्ते धूळ आवशे तो छ महिनामां फरी मारी पासे." सहा महिन्यांत पुन्हा त्याच्याच दारात, म्हणजे. जुना डबाही तडकलाय म्हणे, क्लिपा गेल्यात. बाहेरचं काहीतरी बसवावंच लागेल. काय ते तुम्ही बघा. आणि मग, "संजूभाईने मोकलजो, भाभी. आ तमारुं काम नथी."

संजूला पाठवत नाही. मी जाणार.

सं. माझ्याशी बोलत नाही. मंगलाच्या मोबाइलवरून मला व्हिडिओ पाठवतो. लाल कोन, निळा कोन, चकचकीत पाइप, काळे चष्मे घातलेली माणसं. बोलत नाही पण पाठवतो. बारा आले. बाराही बघितले. एकातही गाडीत माल नव्हता.

१६ एप्रिल, बुधवार

रिंगरोडचं दुकान. संजू आला, दोन पावलं मागे, हमाल असल्यासारखा. दुकानदार त्याच्याशीच बोलत होता. मी काचेवर किल्ली आपटली, तेव्हा माझ्याकडे बघितलं.

कोन म्हणजे उघडा फिल्टर. डबा नाही, झाकण नाही, बॉनेटखाली इंजिनाच्या बाजूला गाजरासारखा उभा. आत तेल लावलेला सुती कपडा. हवा जास्त खेचतो, आवाज येतो.

"गरम हवा खेचणार ना? इंजिनाशेजारीच आहे."

"भाभी, एटलुं बधुं ना विचारो. पिकअप वधशे." गाडीचा जोर वाढेल म्हणे.

"तेल लावलेल्या कपड्यावर रुई बसली की?"

"रुई?" त्याला कळेचना. "आ तो रेसिंगनुं छे."

"आमची गाडी रेसला जात नाही. सचिनला जाते. लूमच्या दारात उभी राहते."

सं. मागून पुटपुटला, "नाकात बोट घालून विचारते." मी ऐकलं. मला ऐकू जावं असंच तो पुटपुटतो.

दुसरा प्रकार, आहे त्याच मापाचा पण धुऊन वापरायचा फिल्टर. त्यालाही तेल. तेल जास्त झालं तर पुढच्या तारेला चिकटतं, हवा मोजणाऱ्या, आणि गाडी अडखळते. हे दुकानदाराने नाही सांगितलं. डब्याच्या मागे बारीक अक्षरात होतं. वाचायला उभी राहिले तर म्हणाला, "भाभी, लेवुं छे के वांचवुं छे?"

वाचायचं आहे, म्हटलं.

तिसरा, दुकानाच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेला. बंद डबा, आत साधा कागदाचा फिल्टर, आणि डब्यातून वर जाणारी काळी नळी, पार कॅबिनच्या डोक्यापर्यंत. वर टोपी, टोपीला जाळी. खाडीच्या पाण्यातून जाणारे लोक घेतात म्हणे. आता कोणी घेत नाही, दिसायला वाईट.

काहीच घेतलं नाही. परत येताना रिक्षात मी मागे, संजू ड्रायव्हरशेजारी अर्ध्या सीटवर.

१८ एप्रिल, शुक्रवार

दुकानदाराचं खरं मानायचं की संजूच्या मोबाइलचं? दोघांचं नाही. बघायचं.

ओळखीच्या टेम्पोतून सचिनला गेले. ताके भरतात त्या दारापाशी सहा स्टीलच्या ताटल्या टांगल्या, धूळ चिकटावी म्हणून खोबरेल तेलाचा हात फिरवून. दोनांवर तेलात भिजवलेली मलमल ताणून बांधली, दोनांवर गादीचा फोम, दोनांवर कोऱ्या फिल्टरच्या कागदाचे तुकडे (भरतभाईने दिला, खोकं भिजलं म्हणून बाजूला टाकलेला). तीन ताटल्या गाडीच्या बंपरच्या उंचीला, तीन वर, कॅबिनच्या उंचीला. मागे जुना टेबल फॅन लावला, हवा खेचायला.

वॉचमन म्हणाला, "मावशी, कोणाचं श्राद्ध आहे?"

तुझं, म्हटलं. फॅन बंद केलास तर.

१९ एप्रिल, शनिवार

मलमलीवर गोधडीएवढी रुई. खालच्या ताटलीवर बोट फिरवलं, कचकच लागली. फोम त्याहून वाईट. कागदामागची ताटली स्वच्छ. खालचीही, वरचीही. पण वरच्या कागदावर खालच्याच्या निम्मी रुईसुद्धा नाही.

म्हणजे तोंड वर, जाळी बाहेर, कागद आत, डबा बंद. जाळी हाताने पुसता येते. ठरलं.

आणि कागदातून धूळ जात नाही हेही ठरलं. म्हणजे आमच्या गाडीत धूळ गेली ती झाकण उघडं होतं म्हणूनच. दहा मिनिटं म्हणे! कागद साक्षीला आहे आता.

२१ एप्रिल, सोमवार

मंगलाकरवी निरोप पाठवला. बंद डबा, वर नळी. सं. स्वतः आला, दारातच उभा राहिला. अकरा दिवसांनी तोंड उघडलं ते असं:

"सोंड! वहिनी, गाडीले सोंड लाई राहिनी तू? आते कॅबिनमा गणपती बठाडी दे."

घरची भाषा रागातच निघते त्याची. एरवी गुजराती झाडतो.

"बसवीन. गणपती झाकण तरी उघडत नाही."

  त्याचा चेहरा बघून क्षणभर मला ह्यांची आठवण झाली. भाऊच शेवटी, जबडा तोच. मग राग दुप्पट आला.

२३ एप्रिल, बुधवार

गाडीचं पुस्तक. आज हवेच्या फिल्टरचं पान आलं. 

तीनदा वाचलं. हिंदीत आहे म्हणून चौथ्यांदा मोठ्याने वाचलं.

कागदाचा फिल्टर जोराच्या हवेने साफ करू नये. कागदाला बारीक छिद्रं पडतात, डोळ्यांना दिसत नाहीत, त्यातून धूळ टर्बोत जाते. फार तर हाताने झटकावा. मळला की बदलावा.

पुढे वाचलं नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

दुपारी बारा वाजता फिल्टर घेऊन गच्चीवर गेले. सूर्यासमोर धरला.

छिद्रं. सुईच्या टोकाएवढी. कडेला नाहीत, मधोमध, जिथे कंप्रेसरच्या हवेच्या बंदुकीचं तोंड टेकतं. मी कुठे टेकवते ते मला माहीत आहे. अंगठा कुठे असतो तेही.

खाली आले. ह्यांची लोखंडी पेटी उघडली. हे काही टाकत नसत. दोन जुने फिल्टर निघाले, वर्तमानपत्रात गुंडाळलेले, काठावर बॉलपेनने बदलल्याची तारीख. एक ह्यांच्या आजारपणातला. दुसरा अडीच वर्षांपूर्वीचा. तेव्हा संजू लूमवर होता, गाडीला हात लावायची त्याला परवानगी नव्हती.

पुन्हा वर गेले. दोन्ही धरले. दोन्हींत छिद्रं. तिथेच. मधोमध.

लूम हवेने साफ होतो, म्हणून फिल्टरही होणार. खात्यात प्रत्येक गोष्ट हवेनेच साफ करतात. मशीन, फरशी, केस, घरी जाताना पायजमा. ह्यांना दुसरं माहीत नव्हतं. आणि मला ह्यांच्याशिवाय दुसरं माहीत नव्हतं. ह्यांनी चार वर्षं टोचलं. मी आठ महिने, एक रविवार न चुकवता.

मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही म्हणतात. येतं. दुपारभर भांडले. पुस्तक गाडीतच पडलेलं होतं ना? मोबाइलवर क्रिकेट बघायचात तेवढ्यात एक पान वाचून झालं असतं. तुम्हाला वाचायचा कंटाळा, म्हणून बायकोला अंक आणून द्यायचात. आणि मी? एकेक पान. नियम म्हणे. मधूनच उघडलं असतं पुस्तक तर काय पाप लागलं असतं?

२५ एप्रिल, शुक्रवार

सांगायचं का.

सांगितलं तर तो काय म्हणेल मला पाठ आहे. "बघ, तुला गाडी सांभाळता येत नाही." मंगला म्हणेल, "बाईनी सोता खादी गाडी." मग गावातले काका येतील. मग बसस्टँड.

झाकण त्याने उघडलं होतं हे खोटं नाही.

दहा मिनिटं.

जास्तही असतील.

२६ एप्रिल, शनिवार

बसवलं. डबा, नळी, टोपी, नवा कागद. टर्बोत नवा पंखा. सोंड खरंच वाईट दिसते. रस्त्यावरची पोरं "हाथी, हाथी" ओरडत धावली.

भरतभाईने विचारलं, "जूनो फिल्टर क्यां छे? लावो, जोईए."

"फेकला."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी नळीकडे बघितलं.

संजूने गाडी चालवली. मी शेजारी. सचिनहून भरून आलो. उधन्याचा पूल चौथ्या गिअरवर चढला. शिट्टी नाही, धूर नाही. पुलाच्या डोक्यावर तो बोलला. एकच शब्द.

"ओढते."

हो, म्हटलं.

गाडी वाचली. म्हणजे मी वाचले. आनंद व्हायला हवा होता.

२८ एप्रिल, सोमवार

मंगला पापड द्यायच्या निमित्ताने आली. उभ्या उभ्या बोलली. संजूने मोबाइलमधून ते टर्बोचे सगळे व्हिडिओ काढून टाकले. मावा बंद. नाक्यावर कोणी सोंडेची चेष्टा केली तर म्हणतो, माझ्या चुकीने लावावी लागली.

"बाई, आते तोच सांगस सगळासले. मीच खादी भाऊनी गाडी." आणि मग माझ्याकडे रोखून, "तुम्हीन बोलनात ते त्याना काळजात बठनं. आते तरी खूश शेतस ना?"

पापड घेतले. बस म्हटलं नाही. ती बसलीही नसती.

माणसाला चोर म्हटलं की तो भांडतो, हे मला झेपतं. तो मान्य करतो तेव्हा काय करायचं ते कुठल्या अंकात वाचलेलं नाही.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

पहाटे घागर धुऊन ठेवली. लाल, नवी. खरबूज, आंबा, सांजोऱ्या. पुरण शिजत होतं. स्वतःच भरणार होते. पाट मांडला आणि दारात संजू. अंघोळ केलेला, केस ओले, धोतर ह्यांचंच, मीच दिवसकार्यात दिलेलं. मंगला मागे.

 पाटावर बसला. घागर भरली, वर लोटा ठेवला, खरबूज ठेवलं, गंध लावलं. मंगलाने पोळ्या लाटायला घेतल्या, मी न सांगता.

मी तव्यापाशी होते. त्याला वाटलं मला ऐकू येत नाही. घागरीकडे बघत म्हणाला, "दादा, गाडी नीट केली. चूक माझी झाली. राग धरू नको."

पोळी करपली. ह्या घरात कधी करपली नव्हती.

तोंड उघडलं होतं मी. शपथ. मग शेजारचे पाटील आले नैवेद्याचं पान घ्यायला, आणि बायका, आणि राहिलं.

राहिलं नाही. ठेवलं.

३ मे, शनिवार

संध्याकाळी गाडी लावून सं. वर आला. आज बसला. पाणी मागितलं. पेल्याशी खेळत राहिला. मग म्हणाला,

"वहिनी, उद्या रविवार."

"बरं मग?"

"तू खात्यात जातीस ना फिल्टर घेऊन. मी येऊ का सोबत? दादासारखी हवा कशी मारायची ते दाखव मला. आता मीच करत जाईन दर रविवारी. तुला कशाला तरास."

भिंतीवर ह्यांचा फोटो. मी तिकडे बघितलं नाही. त्याने बघितलं.

"साडेसातला ये," म्हटलं. "खाली नको. वर गच्चीवर ये."

"गच्चीवर? कंप्रेसर तर खात्यात..."

"ये म्हटलं ना."

गेला. जाताना जिन्यात गुणगुणत होता. तेवीस दिवसांनी.

४ मे, रविवार

सात वाजलेत. पेटीतले दोन आणि माझा एक, तीनही फिल्टर गच्चीच्या कठड्यावर ओळीने ठेवून आले. वर्तमानपत्रं काढून टाकली. ह्यांच्या हाताची तारीख वरच्या बाजूला येईल असे ठेवलेत. गाडीचं पुस्तकही नेऊन ठेवलं, त्या पानात खूण घालून. पूर्वेला टाकी आहे, तिच्यामुळे ऊन कठड्यावर उशिरा येतं. साडेसातला येईल बरोबर, छिद्रं दिसतील.

गाडीतला नवा फिल्टर डब्यातच आहे. आज क्लिपांना हात लावला नाही. हात रिकामे आहेत, म्हणून हे लिहिते आहे.

गाडी माझ्या नावावर आहे. ते तो पुसू शकत नाही. बाकी काय म्हणायचं ते म्हणू दे. गावाला जा म्हणाला तर नाही म्हणेन. मोठ्याने म्हणेन. आणि तो गप्प बसला तर

जिन्यात चपला वाजल्या. अजून वीस मिनिटं आहेत. लवकर आला.